पहिली रांग, शेवटची रांग

रोलर कोस्टर कसा आहे, हे ठरवायची आमच्या घरात एकच परीक्षा आहे: बूड सुटलं पाहिजे. गाडी चढावरून खाली झेपावते तेव्हा एक क्षण असा येतो की आपण सीटवर बसलेलो नसतो. मांडीवरच्या दांड्याने नुसते अडकून राहिलेलो असतो. पोट कुठे, आपण कुठे, काही पत्ता नसतो. तो क्षण आला तर कोस्टर चांगला. नाही आला तर मग तो कितीही उंच असो, त्याला कितीही दिवे लावा आणि ढँटॅढँ गाणी वाजवा, तो पाळणाच.

ही परीक्षा माझ्या आत्याने शोधली. 'बूड' हा शब्दही तिचाच. माझ्या वडिलांना तो आवडायचा नाही. "पोरीसमोर काय बोलतेस," म्हणायचे. आत्या म्हणायची, "मग काय म्हणू? पार्श्वभाग सुटला म्हणू?"

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे जमलं नाही असं बाकीचे सांगायचे, आणि 'मला करायचंच नव्हतं' असं ती सांगायची. मी तिचं खरं मानते. घाटकोपरला भटवाडीत आमच्याच घरात ती राहायची, आणि महापालिकेच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी करायची. दिवसभर लोकांवर ओरडून यायची, त्यामुळे घरी आल्यावर तिचा आवाज बसलेला आणि मूड मात्र एकदम झकास असायचा.

आम्हा दोघींना हे वेड कुठून लागलं, ते मला नक्की माहीत आहे. पार्कात नाही लागलं, बसमध्ये लागलं. गोरेगावला मावशीकडे जायचं असलं की आम्ही आरे कॉलनीतून जाणारी बस पकडायचो. झाडीतला तो रस्ता, तबेल्यांचा वास, मध्ये मध्ये उतार, आणि ड्रायव्हरला कसली घाई असायची देव जाणे. मी सगळ्यात मागच्या लांब सीटवर बसायचे. स्पीडब्रेकर आला की पुढच्या लोकांना नुसता धक्का बसायचा, आम्ही मागचे मात्र सरळ हवेत. आत्या कधी मागे यायची नाही. ती ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर, काचेला नाक लावून. उतरल्यावर दोघी एकमेकींना विचारायचो, "सुटलं?"

"चार वेळा," मी म्हणायचे.

"माका खड्डो येताना दिसता," ती गावच्या मालवणीत म्हणायची. "तुका दिसता काय? तू नुसती उडतंस. मी आधी घाबरतंय, मगे उडतंय. मजा दुप्पट."

हे भांडण तेव्हा सुरू झालं. मी शाळेत होते. आता मी पंचेचाळिशीला आले, अंधेरीला एका विमा कंपनीत हिशेब बघते, केसांना मेंदी लावते, आणि भांडण चालूच आहे.

नीट सांगते, म्हणजे ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांनाही कळेल. कोस्टरची गाडी लांब असते. चढावर साखळी तिला खेचून वर नेते, कट कट कट कट. माथ्यावर पोचली की साखळी सोडते. पण पुढचा डबा माथ्यावरून उतारावर आला तरी मागचे डबे अजून चढावरच असतात, त्यामुळे पुढचे लोक क्षणभर तिथेच लोंबकळतात, खालचं सगळं बघत. मग गाडी वेग धरते. मागचा डबा माथ्यावर येतो तोवर पुढच्याने त्याला ओढायला घेतलेलं असतं. मागचा माणूस माथ्यावरून फेकला जातो. सुटणं जास्त होतं ते मागे. हे माझं मत नाही, हे असंच आहे. पण आत्याला सांगून बघा.

"समोरच्यांची टकलां बघूक काय मी इतक्या लांब इलंय?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

म्हणून आम्ही दोघींनी इतक्या वर्षांत एकाही कोस्टरवर शेजारी बसून राइड घेतली नाही. ती पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. रांगेत दोन तास एकत्र उभ्या राहायचो, एकच पाण्याची बाटली, एकमेकींना उवांसारख्या चिकटून. आणि फाटकाशी आलो की ती डावीकडे, मी उजवीकडे. लोकांना वाटायचं आमचं बिनसलंय. राइड संपली की बाहेरच्या रेलिंगपाशी भेट आणि तोच प्रश्न, "सुटलं?" मग भांडण. माझ्या नवऱ्याला हे बघून कपाळाला हात लावायची सवय झाली. तो बिचारा जत्रेतल्या आकाशपाळण्यावरही डोळे मिटून बसतो, त्यामुळे चपला आणि चष्मे सांभाळणं त्याच्याकडे.

आता कोस्टरांबद्दल बोलते, कारण त्यावर माझी मतं पक्की आहेत.

एक्स्प्रेसवेवर खोपोलीच्या अलीकडे पार्क झालं तेव्हा सगळी मुंबई तिकडे धावली. आम्हीही गेलो, आत्याने खास रजा टाकली. तिथला मोठा कोस्टर खरोखर मोठा आहे, पाया पडावं असा. पहिली उडी म्हणजे अहाहा. पण नंतर तो उलटा करतो, परत उलटा करतो, परत करतो. मला उलटं टांगून घेण्यात काय मजा आहे ते अजून कळलेलं नाही. उलटं झालं की दाबलं जातं, सुटत नाही. रक्त डोक्यात येतं आणि माणूस लाल होतो, बस. दुकानातल्या खेळण्यांपासून बर्गरपर्यंत सगळं झकपक, पण रांग इतकी मोठी की दिवसात तीन राइड झाल्या तर नशीब. मी त्याला दहापैकी आठ देते. आत्या सात देते, कारण पहिल्या रांगेसाठी तिथे वेगळी रांग लावावी लागते आणि हा तिला स्वतःचा अपमान वाटतो.

बंगळुरूला ऑफिसच्या कामाला गेले होते तेव्हा एक दिवस जास्त राहून तिथलं पार्क केलं. स्वच्छ, शिस्तीचं, माणसं गोड. कोस्टर छान. पण शेजारी भांडायला कोणी नाही. रेलिंगपाशी आले आणि कोणाला विचारू, सुटलं का? एका कॉलेजच्या पोराला विचारलं तर तो घाबरून लांब सरकला.

मॉलमधले कोस्टर मी धरतच नाही. छताखाली कोस्टर म्हणजे बाथरूममध्ये पोहणं.

आणि मग आपलं खाडीपलीकडचं पार्क. बोरीवली स्टेशनवरून रिक्षा, जेट्टी, मग होडीतून पलीकडे. खाडीचं काळं पाणी, दोन्ही बाजूंना तिवरं, आणि लांबून दिसणारी कोस्टरची चढण. त्याला जुना म्हणा, छोटा म्हणा, कुरकुरतो म्हणा. हल्लीची पोरं त्याला हसतात. पण माथ्यावर गाडी आली की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सगळं बोरीवली, आणि खारा वारा नाकात. आणि त्याची दुसरी टेकडी! पहिली उडी सगळेच देतात, दुसऱ्या टेकडीवर कळतं कोस्टर कोणी बांधलाय. ती टेकडी लहान आहे, लोक गाफील असतात, आणि तिथे बूड असं सुटतं की दांडा लागून मांडी काळीनिळी होते. दहापैकी साडेनऊ. या एका बाबतीत आत्याचं आणि माझं एकमत आहे. अर्धा मार्क तिने कापलाय, कुरकुरीसाठी नाही, तिथल्या चहासाठी.

त्या पार्काला जायची आमची पद्धत ठरलेली. पोट रिकामं ठेवून जायचं. आत्या, जी जन्मभर साडीत वावरली, ती त्या एका दिवसापुरता पंजाबी ड्रेस घालायची आणि ओढणी घरीच ठेवायची. राइडी झाल्या की होडीत बसून तिने आणलेले घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. आधी खाल्लं तर वाट लागते. हे आम्ही स्वतःवर प्रयोग करून शिकलोय, जास्त सांगत नाही.

मागच्या वर्षी भटवाडीची आमची इमारत पुनर्बांधणीला गेली. वडील आधीच गेले होते. आत्या निवृत्त झालेली. नवीन घर मिळेपर्यंत भाड्याने राहण्यापेक्षा, ती म्हणाली, मी गावीच जाते. देवगडकडे आमचं घर आहे, आंब्याची चार कलमं आहेत. मी म्हटलं, माझ्याकडे ये. ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या दोन खोल्यांत मी आणि माझा आवाज, दोन्ही मावणार नाहीत." मी खूप चिडले. आठवडाभर फोन केला नाही. मग तिनेच केला.

"जाण्याआधी एकदा पार्काला जाऊ," ती म्हणाली. "आणि या वेळी मी तुझ्या मागच्या रांगेत बसते. तुझ्या शेजारी. मग दुसऱ्या फेरीला तू माझ्या पहिल्या रांगेत ये. निकालच लावून टाकू एकदाचा."

माझा विश्वास बसेना. तीस वर्षं जिने ऐकलं नाही, ती स्वतःहून म्हणतेय शेजारी बसते. मी फोन ठेवला आणि खरं सांगते, ऑफिसच्या पॅन्ट्रीत जाऊन थोडी रडले. ती चालली हे मला तोपर्यंत नीट पटलं नव्हतं. मागच्या रांगेत बसायला तयार झाली तेव्हा पटलं.

नवऱ्याला म्हटलं, तू येऊ नकोस, आम्ही दोघीच जातो. गुरुवार बघून गेलो, गर्दी नको म्हणून. आत्याने नवा पंजाबी ड्रेस शिवला होता, मोरपिशी. मी म्हटलं, "काय आत्या, भाव खातेस." ती म्हणाली, "मागच्या रांगेत कोण बघतला? पुढच्या फेरीसाठी घातलाय."

तिकीटखिडकीवर आमची बारी आली. आणि इथे आम्ही माती खाल्ली.

आत्याला साठ पूर्ण होऊन दोन-तीन महिनेच झाले होते, आणि तेव्हापासून ती सवलतीसाठी आधार कार्ड हातातच घेऊन फिरायची. जिथे खिडकी दिसेल तिथे विचारायची, "सीनियर सिटीझनला काय कमी?" म्हातारं म्हणवून घ्यायची लाजबीज काही नाही. "इतकी वर्षं खिडकीच्या आत बसून दुसऱ्यांना सवलती दिल्या, आता बाहेरून घेते." आमच्या घरात कोणी सवलत सोडलेली मी पाहिली नाही. तिने कार्ड पुढे केलं, खिडकीतल्या माणसाने तिकीट कमी केलं, आणि मनगटाला पट्टे बांधले. मला निळा, तिला पिवळा. ती खूष, मीही खूष. वाचलेल्या पैशांत परतीचा चहा सुटला असंही बोललो. दोन्ही पट्टे वेगळ्या रंगाचे का, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही. ज्या बाईने जन्मभर लोकांना 'आधी पाटी वाचा' म्हणून परत पाठवलं, तिने पाटी वाचली नाही.

कोस्टरच्या रांगेत फक्त वीसेक माणसं. फाटकाशी आलो. आत्या पहिल्यांदाच माझ्याबरोबर उजवीकडे वळली. मला हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात तिथल्या पोराने तिचा हात बघितला.

"आजी, पिवळा बँड चालत नाही या राइडला. साठच्या वर नाही."

"आजी कोणाक म्हणतंस रे मेल्या?"

"मॅडम. पण चालत नाही."

मग मी सुरू झाले. मला राग आला की मी हिंदी-मराठीची खिचडी बोलते आणि आवाज खाडीपलीकडे जातो. मी म्हटलं, ही बाई तू जन्मला नव्हतास तेव्हापासून इथे बसते आहे. मागच्या वर्षी बसली तेव्हा ठणठणीत होती, तीन महिन्यांत काय मोडलं तिचं? तो म्हणाला, नियम आहे, पाटी आहे. मी म्हटलं, पट्टा काढून दुसरं तिकीट काढते, पूर्ण पैशांचं, मग तर झालं? मागची माणसं कुजबुजायला लागली. पोरगा लाल झाला. तो काही वाईट नव्हता. दोनदा इकडे तिकडे बघून घेतलं त्याने, साहेब दिसतोय का म्हणून.

आत्याने माझा दंड पकडला.

"पुरे झाला," ती म्हणाली. "त्याका कशाक ओरडतंस? हयसर मीच उभी असती तर मीपण परतच पाठवलं असतं."

"आत्या, पण..."

"अगो, रोज कोणतरी येऊन म्हणायचं, मॅडम, एवढंच चालवून घ्या. नाय चालवलं मी कधी. आता माझ्यासाठी त्याने का चालवायचं?" मग तिने माझा चष्मा काढून घेतला आणि मला डावीकडे ढकललं. "जा. पहिल्या रांगेत बस. आपल्या ठरल्याप्रमाणे एक फेरी तरी होऊं दे."

मी म्हटलं, मी नाही बसणार, चल आपण परत जाऊ. ती म्हणाली, "एवढ्या लांब येऊन परत जाणार? वेडी काय तू? जा!" तोच केसपेपरच्या खिडकीचा आवाज. मी गेले.

पहिल्या रांगेत मी जन्मात पहिल्यांदा बसले. शेजारची सीट रिकामी. दांडा खाली आला, मांडीवर घट्ट. कट कट कट. समोर कोणाचं टक्कल नाही, केस नाहीत, काही नाही. नुसते रूळ आणि आभाळ. माथ्यावर गाडी आली आणि लोंबकळली, मी तीस वर्षं सांगत होते तशीच. आणि त्या लोंबकळण्यात खालचं सगळं दिसलं. खाडी, तिवरं, तिकीटखिडकी, आणि रेलिंगपाशी मोरपिशी ठिपका. चष्मा नव्हता तरी तो ओळखू आला. तिने दोन्ही हात वर केले होते. पहिल्या रांगेतली माणसं करतात तसे, उडीच्या आधी, बरोबर त्याच क्षणी. तिला खालून कळलं होतं की आता सोडणार.

मग सुटलं. आणि दुसऱ्या टेकडीवर परत सुटलं, आणि ती टेकडी येताना मला दिसली. मी आधी घाबरले आणि मग उडाले. अगदी तिने सांगितलं होतं तसंच. मजा दुप्पट होती. मी ओरडत होते की रडत होते ते मलाही कळलं नाही.

रेलिंगपाशी ती माझा चष्मा ओढणीने पुसत होती. म्हणजे या वेळी नव्या ड्रेसची ओढणी पिशवीत घालून आणली होती तिने, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"सुटलं?"

"सुटलं," मी म्हटलं. "आत्या, तुझंच बरोबर होतं. पहिलीच रांग. मी हरले."

मला वाटलं होतं ती नाचेल. पार्कभर सांगत फिरेल. तिने नुसता चष्मा माझ्या हातात दिला आणि चालायला लागली. मी पाण्याच्या राइडबद्दल काही बोलले, ती हं म्हणाली. चहा घेतला नाही. होडीत बसलो तरी तिने घावण्यांचा डबा उघडला नाही, मांडीवर धरून बसली. होडी सुटली. मी म्हटलं, "पायबीय दुखतोय का? की त्या पोराचं मनाला लावून घेतलंस?"

"मागे घे," ती म्हणाली.

"काय मागे घे?"

"मघाशी बोललंस ता. हरले म्हणालीस ता. मागे घे."

"अगं, पण मला खरंच..."

"तुका काय वाटता ता तुझ्याकडे ठेव. मी काय मेलंय काय, माझ्यावर दया करूक?" ती एकदम माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि आवाज तसाच करडा. "मी थंय गावाक जाऊन बसतलंय. आजूबाजूक सगळी आंब्याचा आणि गुडघ्यांचा बोलणारी. रविवारी तुझो फोन येतलो, तेव्हा मी काय बोलू? तब्येत कशी आहे, जेवलीस काय? त्यापेक्षा फोनच करू नकोस. माझ्यासाठी एवढा एक भांडान ठेव गो."

मी पाण्याकडे बघत राहिले. होडीवाला मागून बघत होता. शेवटी मी नाक ओढलं आणि म्हटलं, "पहिल्या रांगेत काय आहे एवढं? नुसता वारा डोळ्यांत जातो. शेवटचीच झकास. तुला त्यातलं काही कळत नाही."

"अक्कल नाय तुका," आत्या म्हणाली आणि डबा उघडला. घावणे थंड झाले होते. दोघींनी सगळे संपवले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती गावी गेली. आता रविवारी सकाळी फोन होतो. नव्या कोस्टरच्या बातम्या, कुठे काय बांधतायत, कोणाची उडी किती. तिला मोबाइलवर सगळे व्हिडिओ बघता येतात, आणि माझ्यापेक्षा जास्त तिलाच माहीत असतं. मी मध्ये दोनदा एकटीच खाडीपलीकडे जाऊन आले. दोन्ही वेळा पहिल्या रांगेत बसले, आणि माथ्यावर दोन्ही हात वर केले.

"खय बसलंस?" ती विचारते.

"शेवटच्या," मी सांगते.

"गाढव," ती खूष होऊन म्हणते, आणि पुढचा अर्धा तास मला पहिल्या रांगेत काय काय दिसतं ते सांगते.